वऱ्हाडातली दुपार आणि थोरलं लेकरू

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने उन्हाच्या लाटेमुळे कलम १४४ लागू केले. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. जमावबंदीचे हे कलम एरवी दंगलीच्या किंवा मोर्च्यांच्या बातम्यांत वाचायला मिळत असे. या वेळी ते उन्हासाठी होते. आदेश ३१ मेपर्यंतचा होता. कामगारांना पिण्याचे पाणी आणि सावली मिळावी, असे त्यात सांगितले होते, आणि खासगी शिकवण्यांनी सकाळी दहाच्या आधी व सायंकाळी पाचनंतरच वर्ग घ्यावेत, असेही सांगितले होते. म्हणजे दहा ते पाच या वेळेत दहा-बारा-चौदा वर्षांचे मूल घरात राहील, हे आता सरकारी कागदावरच आले. त्या सात तासांत ते घरात काय करील, हे अर्थातच कोणत्याही आदेशात नसते.

हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. आपल्याकडे दुपार लांब असते आणि सुटीही. २०२४ साली उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भातल्या १ जुलैला. २०२५ साली तिकडे १६ जून, तर इकडे २३ जून. मृग बरसेपर्यंत मुलांना उन्हात काढायचे नाही, हा त्यामागचा जुना शहाणपणा. पण पुण्या-मुंबईच्या मुलाची सुटी संपते, तेव्हा अकोल्याच्या मुलाच्या वाट्याला एक-दोन आठवडे जादा दुपारी येतात, आणि त्याही वर्षातल्या सगळ्यांत तापलेल्या. धाकटे लेकरू मांडीवर थोपटले की झोपते. मोठी माणसे जेवून आडवी होतात. जागे राहते ते मधले: झोपेचे वय गेलेले आणि कामाचे वय न आलेले. या मधल्या मुलाच्या दुपारीचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. आल्फ्रेड लायल यांच्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरात कापूस आहे, जमीन आहे, महसूल आहे. ही दुपार त्यात मिळणार नाही. ती कायदे, पोथ्या, मासिके, खेळांची पुस्तके आणि घरांची रचना यांतून वेचावी लागते. तसा एक प्रयत्न येथे केला आहे.

करमणे आणि गमणे

आधी शब्दांकडे पाहू. प्रमाण मराठीत मूल म्हणते, ‘मला करमत नाही.’ वऱ्हाडात ते म्हणते, ‘मले गमत नाई.’ करमणे हा शब्द ‘क्रमणे’च्या कुळातला मानतात आणि गमणे हा ‘गम्’ या धातूच्या जवळचा दिसतो. दोन्ही शब्दांत एकच कल्पना आहे: वेळ पुढे सरकणे. मुलाची तक्रार आपल्याला कोणी हसवत नाही अशी नाही. वेळ हलत नाही, ही त्याची तक्रार आहे. ती तुंबली आहे.

‘करमणूक’ म्हणजे मुळात तुंबलेला वेळ वाहता करणारी गोष्ट. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले, त्याचे नाव ‘करमणूक’. १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांचे ‘मनोरंजन’ निघाले. १९०९ साली त्याच मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक दिला. वाचक आज ज्या प्रकारचा अंक हातात धरून आहेत, त्याची सुरुवातच अशी फावल्या वेळेशी जोडलेली आहे. पण ही फावल्या वेळेची सोय प्रौढांची होती. मुलाला फावला वेळ असतो आणि तो त्याचा स्वतःचा असतो, ही गोष्ट समाजाला बरीच उशिरा उमगली.

दुपार कोणाला होती?

येथे एक गोड गैरसमज दूर करावा लागतो. ‘पूर्वीची मुले कंटाळत नसत’ असे आपण सर्रास म्हणतो. बहुतेक मुलांना कंटाळायला दुपारच नव्हती, हे अधिक खरे आहे. शेतकऱ्याचा दहा वर्षांचा मुलगा गुरांमागे असे आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखत असे, नाही तर आईबरोबर निंदणाला, वेचणीला जात असे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला विलक्षण भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि त्यानंतरच्या दशकांत अकोला, अमरावती, खामगाव या भागांत सरकी काढण्याचे जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले. तेथेही मुलांचे हात लागत.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. १८९१ च्या दुरुस्तीने ही वये नऊ आणि चौदा झाली, तास सात झाले. वाचायला हे बरे वाटते. पण १८८१ च्या कायद्यात कारखान्याची व्याख्याच अशी होती, की वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने तिच्याबाहेर राहत. जिनिंगचा हंगाम तर मोजक्या महिन्यांचा. हंगामी कारखाने नीटपणे कायद्याखाली आले ते १९११ च्या कायद्याने. म्हणजे मुंबईच्या गिरणीतल्या मुलाला कायद्याने दिलेली विश्रांती वऱ्हाडातल्या जिनात काम करणाऱ्या मुलापर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागू शकत होती. मध्येच १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. त्या वर्षांत मूल पोट भरण्याच्या विवंचनेत होते. करमण्याचा प्रश्नच नव्हता.

मुलींचे आणखी वेगळे. बारा-तेरा वर्षांची मुलगी एकोणिसाव्या शतकात बहुधा सासरी असे. शारदा कायदा १९२९ चा. त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले आणि तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. कायदा होताच चालरीत बदलली नाही. पण ‘बारा वर्षांची, माहेरी असलेली, शाळेत जाणारी आणि सुटीत घरी बसलेली मुलगी’ हे चित्र त्यानंतरच हळूहळू सर्वसाधारण झाले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देणारा कायदा तर २०१० मध्ये अमलात आला.

म्हणून कंटाळलेले थोरले मूल ही एका अर्थाने मिळकत आहे. ते शेतात नाही, जिनात नाही, सासरी नाही. ते घरात बसून ‘गमत नाई’ म्हणते आहे, ते म्हणता यावे यासाठी शंभर-सव्वाशे वर्षांची धडपड झाली आहे. त्याच्यावर वैतागण्यापूर्वी हे एकदा आठवावे.

ऋद्धिपूरचा खेळगडी

तरी मूल आणि खेळ यांकडे प्रेमाने पाहणारी नजर आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा एक उत्तम पुरावा अमरावती जिल्ह्यातच आहे. ऋद्धिपूर, म्हणजे आजचे रिद्धपूर. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू राहत. म्हाइंभटांनी त्यांचे जे चरित्र लिहिले, ते मराठीतल्या आरंभीच्या गद्यग्रंथांपैकी एक. त्यातला सत्पुरुष गंभीर मुद्रेचा नाही. तो गल्लीतून हिंडतो, कोणाच्याही घरात शिरतो, मागून खातो, रुसतो, मुलांत मूल होऊन खेळतो. ज्या परंपरेने हे खेळ ‘लीळा’ म्हणून आदराने टिपून ठेवले, तिला बालपण हा वाया गेलेला वेळ वाटत नव्हता.

‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या पूर्वायुष्याच्या लीळांत जुगाराचाही प्रसंग येतो, द्यूताचे व्यसन त्या काळी घरोघरी परिचित होते, हे त्यावरून दिसते. आणि ‘दृष्टान्तपाठ’ तर थेट आपल्या विषयाजवळ येतो. केसोबासांनी एकत्र केलेले हे ११४ दृष्टान्त चार-दोन वाक्यांत संपणारे आहेत. हत्ती चाचपणारे आंधळे त्यांत आहेत. सांगणाऱ्याने थोडे सांगायचे आणि ऐकणाऱ्याने त्याचा दार्ष्टान्तिक शोधायचा, अशी ही रीत. लहान मुलाला गोष्ट पुरते. थोरल्या मुलाला गोष्टीत काहीतरी सोडवायला लागते. वऱ्हाडातल्या आज्यांचे उखाणे आणि कोडी याच रीतीची.

ढाळजेतला पट

आता घरात शिरू. वऱ्हाडातल्या जुन्या वाड्याला दरवाजातून आत येताच ढाळज असे. पुढे चौक, ओसरी, मग माजघर. बाकीची घरे धाब्याची. जाड मातीच्या भिंती आणि मातीचे छत यांमुळे बाहेरचा जाळ आत पोहोचायला संध्याकाळ होई. दुपारी सगळे घर ढाळजेत किंवा माजघरात गोळा होई. ऐपतीच्या घरी बंगई असे, दाराला पाणी शिंपडलेले वाळ्याचे ताटवे असत. महत्त्वाचे हे, की गारवा एकाच जागी असल्यामुळे सगळ्या वयाची माणसे एकाच जागी असत.

बैठे खेळ याच जागेचे. अनंत बाबाजी देवधर यांचे ‘मराठी खेळांचे पुस्तक’ १९०५ चे. देशी खेळ नियमांसह लिहून ठेवण्याचा तो आरंभीचा मोठा प्रयत्न. सोंगट्या, सागरगोटे, वाघ-बकरी, नवकंकरी असे खेळ घरोघर होते. महाराष्ट्रातल्या अनेक लेण्यांत, मंदिरांच्या ओट्यांवर आणि किल्ल्यांच्या पायऱ्यांवर त्यांचे पट कोरलेले दिसतात. पहारेकऱ्याला आणि यात्रेकरूलाही वेळ सरकवावाच लागे.

पण वऱ्हाडातल्या दुपारीचा खरा राजा म्हणजे अष्टाचंगा. कोणी चंगाष्टा म्हणते. त्याला विकत काहीच लागत नाही. कोळशाने किंवा खडूने फरशीवर पाच गुणिले पाच, अशी पंचवीस घरे आखायची. चारही बाजूंची मधली घरे आणि अगदी मधले घर, अशा पाच घरांत फुल्या मारायच्या. चार कवड्या, नाही तर मधोमध फोडलेले चिंचोके: एक बाजू काळी, एक पांढरी. सोंगट्यांसाठी बांगडीचे तुकडे, खडे, शेंगांची टरफले. एक पांढरी पडली तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन. चारही पांढऱ्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. चारही काळ्या पडल्या तर अष्ट, म्हणजे आठ. चंग किंवा अष्ट पडले की पुन्हा दान. सोंगटी आधी बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने फिरते, मग आतल्या आठ घरांतून उलट दिशेने, आणि शेवटी मधल्या घरात पोहोचते. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेऱ्यात प्रवेश नाही, हा नियम पुष्कळ घरांत पाळतात. फुलीच्या घरात कोणी कोणाला मारायचे नाही.

या खेळाची गंमत वयाप्रमाणे वाढते. सहा वर्षांचे मूल दान टाकण्यात रमते. बारा वर्षांचे मूल हिशेब करू लागते. चार चिंचोके पडण्याच्या सोळा तऱ्हा. दोन्ही बाजू सारख्या पडतात असे धरले, तर त्यांतल्या सहा तऱ्हांत दोनाचे दान पडते, चार-चार तऱ्हांत एकाचे आणि तिनाचे, आणि चंग व अष्ट प्रत्येकी एकाच तऱ्हेत. म्हणजे शत्रूच्या सोंगटीपुढे दोन घरांवर उभे राहणे सगळ्यांत धोक्याचे. हे कोणी शिकवलेले नसते. पाच-पन्नास दुपारी हरून ते अंगात मुरते. कवडीची पाठ आणि पोट मात्र सारख्या प्रमाणात पडत नाहीत, म्हणून कवड्यांचा हिशेब निराळा आणि चिंचोक्यांचा निराळा. घासून घासून एका बाजूला झुकणारा चिंचोका कोणता, हेही पोरांना पाठ असते. संभाव्यतेचे गणित दहावीच्या पुस्तकात येते, त्याच्या कितीतरी आधी ते वऱ्हाडातल्या फरशीवर आलेले असते.

सापशिडीचे पूर्वरूप असलेल्या मोक्षपटाचे नाते परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. त्याला समकालीन लेखी आधार नाही. पण मोक्षपटाच्या जुन्या मराठी प्रती रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात होत्या, आणि घरांत पाप-पुण्याची नावे असलेला हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात बदललेल्या रूपात छापून विकला जाऊ लागला. तेथून तो पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून आपल्याकडे परत आला. अष्टाचंगा मात्र कोणी खोक्यात घातला नाही, म्हणून तो दुकानात दिसत नाही. आणि दुकानात दिसत नाही, म्हणून आजच्या आई-बापांना तो आठवत नाही.

पोथी वाचणारे पोर

साक्षरता घरात आली ती बहुधा थोरल्या मुलाच्या रूपाने. शाळेत जाणारे ते पहिलेच. त्यामुळे दुपारच्या वेळी त्याच्या गळ्यात एक काम पडे: आजीला पोथी वाचून दाखवणे. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’. पुढे दासगणूंचा एकवीस अध्यायांचा ‘श्रीगजानन विजय’, जो शेगावच्या ओढीने वऱ्हाडातल्या घराघरांत गेला. आजीला अक्षर येत नसे, पण ओव्या पाठ असत. पोराला अक्षर येई, पण अर्थ कळत नसे. चूक वाचले की आजी डोळे मिटूनच दुरुस्त करी. दोघांपैकी कोण कोणाला शिकवत होते, हे सांगणे कठीण. त्या पोराची केवळ करमणूक होत नव्हती. त्याचे घरात काम होते आणि त्या कामाला मान होता.

मुलांसाठी वेगळे वाचन १८२८ च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या भाषांतरांपासून सुरू झाले. १८७२ मध्ये ‘बालबोधमेवा’ निघाले, १९०६ मध्ये वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागपूरहून ‘मुलांचे मासिक’ निघू लागले आणि विदर्भातल्या मुलांना जवळचे मासिक मिळाले. १९५२ पासून मराठीतला ‘चांदोबा’, १९६४ नंतर इंद्रजाल कॉमिक्स, १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’. यांतले ‘किशोर’ हे नावच महत्त्वाचे आहे. बाल नव्हे आणि प्रौढही नव्हे, अशा मधल्या मुलाला त्याच्या वयाचे नाव देऊन बोलावणारे ते मासिक. १९७४ पासून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांतून आला, तोही याच वयाचा. पुढे दूरदर्शनवर ‘छुट्टी छुट्टी’ आले आणि भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांच्या टपऱ्या हळूहळू ओस पडल्या.

शिक्षणाच्या विचारातही या भागाचा एक धागा आहे. बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या ताराबाई मोडकांचे सासर अमरावतीचे. त्यांचे पती कृष्णराव मोडक येथे वकील होते. येथून निघून त्या राजकोटला आणि पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बोर्डी, कोसबाड हा पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. मुलाला रमवायचे नसते, त्याच्या हाताला त्याला पेलेल असे खरे काम द्यायचे असते, हे या मंडळींचे मुख्य सांगणे. त्यांचा भर शिशूंवर होता. पण गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीचा वर्ग घेतो, आणि तेथे गोष्टी, खेळ व वाचनालय यांच्या जोरावर दहाएक वर्षांची कंटाळलेली मुले जागी होतात.

घरात राहिलेला एक मुलगा

कंटाळलेल्या थोरल्या मुलापुढे दोन वाटा असतात. एक दाराबाहेरची. परतवाड्यात १९१६ साली जन्मलेले गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घर सोडून गेले, ते गड, नद्या आणि माणसे पाहत आयुष्यभर हिंडले. ‘स्मरणगाथे’त ती वणवण आहे.

दुसरी वाट आतली. सुरेश भटांचा जन्म १५ एप्रिल १९३२ चा, अमरावतीचा. अडीच वर्षांचे असताना त्यांना पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. वडील डॉक्टर. आईला कवितेची विलक्षण आवड. घरात गाणे होते. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या, म्हणजे १९१४ पासून मल्लखांब, कुस्ती आणि लेझमीने गाजणाऱ्या या गावात इतर मुले आखाड्याकडे धावत असताना एका मुलाच्या वाट्याला घर अधिक आले. अधू पायामुळे माणूस कवी होतो, असे सोपे गणित कोणी मांडू नये. तसे असते तर गावोगाव कवी झाले असते. पण एवढे खरे, की त्या घरात मुलाला गप्प बसवण्यासाठी काही दिले जात नव्हते. आईला स्वतःला कविता आवडत होती आणि ती आवड घरात उघड्यावर होती. मूल तिच्यात शिरले. १९६१ चा ‘रूपगंधा’, १९७४ चा ‘रंग माझा वेगळा’ आणि मराठी गझलेचे पुढचे सारे वैभव यांचा उगम शोधताना या घराकडे यावेच लागते.

आता काय उरले?

आज धाब्याची घरे गेली. सिमेंटचा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्रभर उष्णता सोडतो. मे २०२० मध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता; अशा दिवशी बाहेर काढण्याची सोय नाहीच. कूलर एका खोलीत असतो, पण त्या खोलीतही प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा असतो. मुलाला गमत नाही म्हणावे लागत नाही, कारण मोबाइल वेळ सरकवतो. फार वेगाने सरकवतो. चार तास गेले, हे त्याला कळतही नाही. जुन्या शब्दाच्या काटेकोर अर्थाने ही करमणूकच आहे. मग बिघडले काय?

वरच्या साऱ्या वेच्यांतून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या दुपारींनी मुलांना काही दिले, त्या दुपारी त्यांना रमवण्यासाठी कोणी आखलेल्या नव्हत्या. अष्टाचंग्यात थोरल्या मुलाकडे पट आखण्याचे आणि भांडण तोडण्याचे काम असे. पोथीत ते वाचक असे. पापड-कुरडयांच्या वाळवणावर ते राखणदार असे. भुलाबाईच्या दिवसांत मोठी मुलगी धाकट्यांना गाणी शिकवी आणि खाऊ ओळखायला लावी. त्याला प्रत्येक वेळी हुद्दा होता. शेतातल्या आणि जिनातल्या मुलालाही काम होते, पण ते लादलेले आणि दमवणारे. ते गेले हे उत्तमच झाले. वाईट एवढेच, की त्याबरोबर हुद्दाही गेला. मोबाइल मुलाला सगळे काही देतो, पण घरात त्याची गरज आहे, हे तो सांगू शकत नाही.

यावर उपाय महाग नाही. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. गावातली वाचनालये अजून उघडी आहेत. चिंच अजून वऱ्हाडात पिकते. कमी पडतो तो पटाभोवती बसणारा दुसरा माणूस. येत्या मे महिन्यात पारा पुन्हा चढेल, कदाचित पुन्हा आदेशही निघेल. दहा ते पाच हे सात तास तेव्हा घरातल्या सगळ्यांचेच असतील. फरशीवर पंचवीस घरे आखायला पाच मिनिटे पुरतात, आणि आखणी थोरल्या लेकराकडूनच करून घ्यावी.